थांबलं कशावरून? भडक्यानंतरच्या दीर्घिकांवरच्या एका एमएस्सी प्रकल्पाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो आणि आमच्याकडे प्रकल्प म्हटलं की थिन फिल्म, हे जवळजवळ ठरलेलंच. काचपट्टी, बीकर, द्रावण, मग एक्स-रे चाचणीसाठी नंबर लावून बसायचं. त्यात वाईट काही नाही, मीही तेच करून पास झाले. एका वर्षी मात्र दोघं जण जुलैतच येऊन म्हणाले, "मॅडम, आम्हाला आकाशातलं काहीतरी द्या."

ओळख पटू नये म्हणून नावं देत नाही, एक-दोन तपशीलही बदलले आहेत. एक मंगळवेढ्याहून रोज एसटीने ये-जा करणारी मुलगी. दुसरा अशोक चौकाच्या पाठीमागे राहणारा मुलगा. घरी तेलुगू, वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर. पुढे त्यांना मंगळवेढ्याची आणि अशोक चौकातला असंच म्हणते.

दुर्बीण आमच्याकडे नव्हती आणि तिची गरजही नव्हती. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंटवर २.५ मीटरची दुर्बीण आहे. तिच्यावरून झालेल्या स्लोन सर्व्हेचे लाखो दीर्घिकांचे वर्णपट इंटरनेटवर फुकट मिळतात. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती मागवायची भाषा, येत असेल तर सोलापुरात बसूनही ते मागवता येतात. मंगळवेढ्याचीला एसक्यूएल येत होतं.

विषय मी सुचवला: तारानिर्मितीचा भडका विझल्यानंतर दीर्घिकेचं काय होतं?

आपल्या आकाशगंगेत वर्षाला साधारण एक-दोन सूर्यांच्या वस्तुमानाइतके नवे तारे तयार होतात. निवांत कारभार आहे. पण वायूने भरलेल्या दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की वायू केंद्राकडे कोसळतो आणि हा वेग दहापट, कधी शंभरपटही होतो. कुंभ राशीतली एनजीसी ७२५२ ही अशाच विलीनीकरणातून बनलेली. आपल्यापासून सुमारे २२ कोटी प्रकाशवर्षांवर असलेल्या या दीर्घिकेला अजून ताऱ्यांच्या दोन लांब शेपट्या आहेत. असा भडका फार टिकत नाही. तो विझला की मागे राहतात त्या ताऱ्यांची वयंच आपल्याला त्याची गोष्ट सांगतात. सर्वांत वजनदार, निळे 'ओ' तारे काही दशलक्ष वर्षांत संपतात. 'बी' तारे त्यांच्यामागून जातात. 'ए' तारे मात्र अब्ज वर्षांच्या घरात टिकतात. व्याध आणि अभिजित हे दोन्ही 'ए' प्रकारचेच, त्यामुळे मुलांना गच्चीवरून बोटाने दाखवता येतात.

'ए' ताऱ्यांच्या वर्णपटात हायड्रोजनच्या शोषणरेषा सगळ्यांत खोल असतात. नव्याने तारे जन्मत असतील तर 'ओ' ताऱ्यांमुळे तापलेला वायू एच-अल्फा रेषेत, म्हणजे ६५६३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीला, उजळतो. म्हणून वर्णपटात ४१०२ अँगस्ट्रॉमची एच-डेल्टा ही हायड्रोजनचीच शोषणरेषा खोल खचलेली दिसली आणि एच-अल्फाचा उजेड मात्र नसला, तर अर्थ असा निघतो: अलीकडे तारे खूप जन्मले, आता जन्मत नाहीत. १९८३ मध्ये ॲलन ड्रेसलर आणि जेम्स गन यांनी दूरच्या एका दीर्घिकासमूहात असे वर्णपट पाहिले आणि पुढे त्यांना 'ई प्लस ए' हे नाव पडलं. लंबवर्तुळाकार दीर्घिकेचे म्हातारे तारे अधिक 'ए' तारे, असा तो हिशेब. हेच गन पुढे स्लोन सर्व्हेच्या उभारणीत अग्रभागी होते. अशा दीर्घिका दुर्मीळ आहेत. १९९६ मध्ये एका पाहणीत ११,११३ दीर्घिकांमध्ये फक्त २१ सापडल्या, आणि त्यातल्या बहुतेक समूहांच्या बाहेर, मोकळ्या जागेत होत्या.

अडचण

पहिली अडचण हास्यास्पद होती, पण तिने तीन आठवडे खाल्ले.

ऑगस्टमध्ये मंगळवेढ्याचीने क्वेरी चालवली आणि आनंदाने सांगत आली की यादी हजारांत आहे. मीही खूश झाले. दुर्मीळ वस्तू हजारांनी सापडते म्हणजे काहीतरी चुकतंय, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं, पण गणपतीची सुट्टी तोंडावर होती. सुट्टीनंतर अशोक चौकातल्याने सहज म्हणून पहिल्या पन्नास दीर्घिकांची चित्रं उघडली. एकेक निळीशार, सर्पिल भुजा असलेली, भुजांवर गुलाबी ठिपके. म्हणजे तारे जन्मण्याचा कारखाना जोरात चालू असलेल्या.

चूक एका चिन्हाची होती. आम्ही जो शोधनिबंध समोर ठेवला होता त्यात एच-अल्फाचं उत्सर्जन धन धरलं होतं, आणि अट होती 'तीनपेक्षा कमी'. स्लोनसोबत मिळणाऱ्या मोजमापांच्या ज्या तक्त्यातून ती आकडे घेत होती, तिथे उत्सर्जन ऋण आणि शोषण धन. तिने अट जशीच्या तशी लिहिली. मग उणे तीस, उणे चाळीस असलेल्या, म्हणजे भडका ऐन भरात असलेल्या दीर्घिकाही 'तीनपेक्षा कमी' म्हणून आत आल्या. 'उणे तीनपेक्षा जास्त' लिहिल्यावर यादी एकदम आटली.

चिन्ह दुरुस्त झालं आणि खरी अडचण समोर आली. ती चिन्हाने सुटणारी नव्हती. आमची सगळी व्याख्या एका न दिसणाऱ्या रेषेवर उभी होती. एच-डेल्टा दिसते, ती मोजता येते. एच-अल्फा दिसत नाही. न दिसण्याला कारणं अनेक. तारे जन्मायचे थांबले असतील. धुळीने उजेड झाकला असेल. किंवा जिथे जन्मतायत तिथे आपण पाहिलंच नसेल. प्रकल्पाच्या कच्च्या मसुद्यात अशोक चौकातल्याने ठणठणीत वाक्य लिहिलं होतं: "वायू संपल्यामुळे तारानिर्मिती थांबली." त्या चार शब्दांतल्या एकाही गोष्टीचा पुरावा आमच्याकडे नव्हता.

समोरचे पर्याय

दिवाळीनंतर बसून आम्ही तीन वाटा मांडल्या.

एक, यादी आहे तशी घ्यायची, व्याख्या छापील निबंधातली आहे म्हणायचं आणि पुढे आकृत्या काढायच्या. बहुतेक प्रकल्प असेच होतात. परीक्षकही सहसा खोलात जात नाहीत.

दोन, यादी लहान करायची, पण एकेका दीर्घिकेची उलटतपासणी घ्यायची: चित्र, रेडिओ, अवरक्त. वेळ जाणार, आकडा लहान दिसणार.

तीन, अशोक चौकातल्याला हवी असलेली वाट. प्रत्येक दीर्घिकेचा भडका किती वर्षांपूर्वी विझला ते काढायचं आणि 'विझल्यानंतर काय काय बदलतं' याचा आलेख द्यायचा. हा पर्याय सगळ्यांत सुंदर होता, आणि विषयाचं नावही तेच होतं. एखाद्या दीर्घिकेला अब्ज वर्षं बसून कोणी पाहू शकत नाही. वेगवेगळ्या वयाच्या अनेक दीर्घिका ओळीने लावल्या तरच तो चित्रपट दिसतो.

मी दुसरी वाट धरली आणि तिसरीला 'बघू' म्हणाले. हे 'बघू' महागात पडलं. त्याने ते हो धरलं आणि डिसेंबरभर तो वयंच काढत बसला.

चौथाही एक फाटा होता, तो मी लगेच कापला. २०१४ पासून लक्षात आलं आहे की केंद्रातलं कृष्णविवर एखाद्या ताऱ्याला फाडून गिळतं त्या घटना अशा दीर्घिकांमध्ये अपेक्षेपेक्षा फार जास्त दिसतात. दोघांनाही त्यावर प्रकरण हवं होतं. कृष्णविवर म्हटलं की कोणाचेही डोळे चमकतात. पण एप्रिलमध्ये सादर करायचं होतं.

काय केलं: टिकलीची गोष्ट

स्लोनच्या जुन्या यंत्रात प्रत्येक दीर्घिकेवर एक प्रकाशतंतू लावलेला असतो आणि आकाशावर त्याचा व्यास ३ विकला, म्हणजे आर्कसेकंद (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). त्या गोलात जे पडलं त्याचाच वर्णपट मिळतो. हे पुस्तकात वाचलं की डोक्यात शिरत नाही. मंगळवेढ्याचीने चित्रांचे रंगीत प्रिंट काढले आणि प्रत्येकाचं प्रमाण असं ठेवलं की ३ विकला म्हणजे कागदावर बरोबर एक सेंटीमीटर. मग पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढून प्रत्येक दीर्घिकेच्या मध्यावर एकेक मरून टिकली चिकटवली. एक सेंटीमीटरची, लग्नात लावतात तशी मोठी.

भिंतीवर ओळीने ते कागद लावले तेव्हा विभागातल्या शिपायानेही थांबून पाहिलं. दूरच्या, लहानशा दिसणाऱ्या दीर्घिका टिकलीत जवळजवळ मावत होत्या. ताम्रसृती म्हणजे प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला ते माप, जितकी जास्त तितकी दीर्घिका दूर. ती ०.१ च्या आसपास असली की ही टिकली सुमारे १८,००० प्रकाशवर्षं झाकते. जवळच्या दीर्घिकांचं मात्र तळहाताएवढ्या चित्रात फक्त नाक झाकलं जात होतं. ताम्रसृती ०.०३ ला तीच टिकली सुमारे ६,००० प्रकाशवर्षांची, आणि आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकेची तबकडी लाखभर प्रकाशवर्षांची. म्हणजे आम्ही गावाच्या वेशीत न शिरता देवळाच्या कळसावरून गाव ओस पडलंय म्हणत होतो.

जवळच्या दीर्घिकांचा आणखी एक घोळ होता. तारानिर्मितीची दुसरी खूण, ऑक्सिजनची ३७२७ अँगस्ट्रॉमची रेषा, स्लोनच्या त्या यंत्राला ताम्रसृती ०.०२ च्या खाली दिसतच नाही, कारण वर्णपट ३८०० ला सुरू होतो. आम्ही खालची मर्यादा ०.०१ ठेवली होती. निबंधात तशीच होती म्हणून.

इथे निर्णय घ्यावा लागला. मर्यादा वर नेली तर सगळ्यांत सुबक, तपशिलाने पाहता येतील अशाच दीर्घिका जातात. मी ती ०.०२ वर नेली. त्यावर थांबले, हे चुकलं. का ते पुढे येईल.

काय केलं: रेडिओ आणि धूळ

धुळीचा प्रश्न अशोक चौकातल्याकडे दिला. उत्सर्जनरेषा दिसत असतील तर एच-अल्फा आणि एच-बीटा यांच्या प्रमाणावरून धूळ किती हे काढता येतं. धूळ नसेल तर ते २.८६ च्या आसपास असतं. पण आमच्या दीर्घिका निवडल्याच होत्या त्या रेषा नसलेल्या. मग धुळीला न जुमानणारी तरंगलांबी हवी. रेडिओ लहरी धुळीतून आरपार जातात. न्यू मेक्सिकोतल्याच व्हीएलए दुर्बिणीने केलेला 'फर्स्ट' नावाचा १.४ गिगाहर्ट्झचा सर्व्हे आहे, त्याची चित्रंही फुकट मिळतात. फेब्रुवारीत तो एका दुपारी हसत आला. लॅबमध्ये पंखा फिरत होता, वीज होती, असे दिवस कमी. लॅपटॉप उघडून एकामागून एक चौकोन दाखवले: नुसतं करड्या रंगाचं चरचरणं, मध्ये काही नाही.

"मॅडम, रेडिओत काहीच नाही. म्हणजे तारे जन्मत नाहीत."

मी म्हटलं, "काही नाही म्हणजे किती नाही?"

तो गप्प. मग फळ्यावर केलं. 'फर्स्ट'ची पकड साधारण एक मिलीजान्स्कीपर्यंत (जान्स्की हे रेडिओ प्रखरतेचं एकक). ताम्रसृती ०.१ ला असलेल्या दीर्घिकेकडून एक मिलीजान्स्की यायचं असेल तर तिथे वर्षाला दहा सूर्यांच्या आसपास तारे जन्मत असले पाहिजेत. म्हणजे आमच्या आकाशगंगेच्या पाच-दहापट तारानिर्मिती त्या करड्या चौकोनात आरामात लपू शकत होती. ०.०५ ला हिशेब तीन सूर्यांच्या आसपास येतो, तो बरा. त्याचा चेहरा पडला. पण त्या दुपारनंतर त्याच्या वहीत 'नाही' हा शब्द दिसला नाही. त्या जागी 'इतक्यापेक्षा कमी' आला आणि पुढे आकडा.

मग वाइज या अवकाश दुर्बिणीची २२ मायक्रॉनची मोजमापं घेतली. धूळ तापली की ती अवरक्तात चमकते. तिथेही फसगत आहे: ती धूळ नव्या ताऱ्यांनीच तापवली पाहिजे असं नाही, आमच्या 'ए' ताऱ्यांचा उजेडही ते काम करतो. म्हणून तिथून मिळाला तोही वरचा अंदाजच. पण ज्या चार-पाच दीर्घिका २२ मायक्रॉनला लख्ख होत्या, त्या मुख्य तक्त्यातून काढल्या.

काय केलं: सूत आणि बीम

"वायू संपल्यामुळे" या शब्दांवर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे. ती चूक नुसती आमची नव्हती. बरीच वर्षं जाणकारांचाही कल तिकडेच होता. भडक्यात वायू जळून गेला, उरलेला वाऱ्याने उडाला, म्हणून तारे थांबले. सरळ, पटणारी गोष्ट. २०१५ मध्ये अशा ३२ दीर्घिकांकडे कार्बन मोनॉक्साइडच्या रेषेत पाहिलं गेलं, कारण थंड रेणुरूप हायड्रोजन स्वतः दिसत नाही आणि त्याचा माग या रेणूवरून काढतात. १७ दीर्घिकांमध्ये वायू सापडला. थोडाथोडका नाही, तारे चांगले जन्मत असलेल्या दीर्घिकांना शोभेल इतका. वायू आहे आणि तारे नाहीत.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मंगळवेढ्याचीने विचारलं, मग अडलंय कुठे? मी खळबळ, केंद्रातल्या कृष्णविवराची ढवळाढवळ वगैरे सांगायला लागले. अशोक चौकातला मध्येच म्हणाला, "मॅडम, सूत पोत्यात हाय की. पण बीम भरला नाही तर माग कसा चालंल?"

मागाबद्दल मला त्याच्याइतकं कळत नाही, म्हणून त्यालाच सांगायला लावलं. सूत येतं ते कोनावर, पोत्यांतून. ते तसंच मागावर चढत नाही. शेकडो धागे शेजारी शेजारी, ताणून, खळ देऊन एका मोठ्या रुळावर गुंडाळावे लागतात, तो बीम. गोदाम सुताने भरलेलं असलं आणि बीम भरणारा बसून असला, तर कारखाना बंदच. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, मालच संपला.

हे नुसतं रूपक म्हणून छान नव्हतं, ते बरोबर होतं. तारे साध्या रेणुवायूतून जन्मत नाहीत. त्यातला जो भाग खूप दाट होतो त्यातून जन्मतात. दाट वायूची खूण म्हणजे हायड्रोजन सायनाइडची रेषा. चिलीतल्या अल्मा दुर्बिणीने अशा दोन दीर्घिकांमध्ये ती शोधली तेव्हा सापडलीच नाही. सूत होतं, बीम नव्हता. पुढच्या निरीक्षणांत असंही दिसलं की हा उरलेला वायू केंद्राजवळ दाटीने कोंबलेला असतो, पण आतून इतका खळबळलेला की गुरुत्वाला त्याचे गोळे करता येत नाहीत. त्याचबरोबर हेही खरं की दूर-अवरक्ताचे आकडे घेऊन काही अभ्यासक म्हणतात, यातल्या काही दीर्घिकांत धुळीआड तारे जन्मतच आहेत, तुमचा हिशेबच कमी पडतोय. भांडण मिटलेलं नाही.

त्या वाक्याच्या जागी दोघांनी दोन पानं लिहिली. प्रकल्पातली ती सर्वांत चांगली दोन पानं होती. बीमचा उल्लेख त्यांनी काढून टाकला होता, 'शास्त्रीय वाटत नाही' म्हणून. मी परत घालायला लावला.

वयाचा तिढा

गड्ड्याच्या सुट्टीनंतर, जानेवारीत, अशोक चौकातला त्याचा आलेख घेऊन आला. आडव्या अक्षावर भडका विझल्यानंतरची वर्षं, प्रत्येक दीर्घिकेला एक नेमका आकडा. महिनाभराची मेहनत होती आणि ती विश्वासार्ह नव्हती.

कारण असं. भडका विझल्यावर एच-डेल्टाची खोली काही काळ वाढते, कोट्यवधी वर्षांनी शिखर गाठते आणि मग उतरते. पण तीच खोली दोन वाटांनी येऊ शकते: लहानसा भडका, नुकताच विझलेला, किंवा प्रचंड भडका, बऱ्याच आधी विझलेला. मागचे म्हातारे तारे किती आहेत यावरही ती बदलते. ब्रुझुअल आणि चार्लो यांची ताऱ्यांच्या लोकसंख्येची प्रतिमानं मोफत मिळतात. त्यांत भडक्याची ताकद बदलून रेषा काढायला सांगितल्या. एकेका ठिपक्यावरून दोन-तीन रेषा गेल्या. ४००० अँगस्ट्रॉमच्या पायरीची, म्हणजे तिथे वर्णपटातला उजेड एकदम वाढतो त्या उडीची, उंची घेतली की थोडा उलगडा होतो, पण पुरता नाही. पुरता व्हायचा तर अतिनील मोजमापं हवीत, कारण तिथे वेगवेगळ्या वयाचे तारे जास्त वेगळे पडतात. गॅलेक्स दुर्बिणीची ती मोजमापं मिळाली असती. वेळ नव्हता.

सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून आम्ही पुण्याला एका अभ्यासकांना भेटून आलो. शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं पुडकं सोबत. त्यांनी आलेख पाहिला, चटणीची चव घेतली आणि एवढंच विचारलं, "चुकीचे पट्टे कुठेत?" म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते दाखवणाऱ्या रेघा. प्रत्येक ठिपक्याला आडवा पट्टा घातला तेव्हा तो अर्ध्या आलेखापर्यंत लांबला.

मी आलेख काढायला सांगितला. त्याऐवजी लिहिलं की अशा खोल एच-डेल्टाचा अर्थ भडका साधारण १० कोटी ते १ अब्ज वर्षांपूर्वी विझला, आणि आमच्या आकड्यांवरून याहून बारीक सांगता येत नाही. तो मुलगा दोन दिवस लॅबमध्ये आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो थेट वाइजचे आकडे घेऊन.

निकाल

सादर करायच्या आदल्या आठवड्यात तो धक्का बसला ज्याची सुरुवात मी ताम्रसृतीची मर्यादा ठरवून तिथेच थांबले तेव्हा झाली होती. मुखपृष्ठावर एक दीर्घिका घेतली होती: गुळगुळीत, लंबगोल, फिकट पिवळी, एच-डेल्टा सगळ्यांत खोल. ताम्रसृती ०.०३ च्या आसपास, म्हणजे चाळणीतून आत आलेली. मंगळवेढ्याचीने मोठं चित्र छापायचं म्हणून लेगसी सर्व्हेची जास्त खोल चित्रं उघडली. तिथे त्या दीर्घिकेभोवती एक फिकट निळं कडं होतं. स्लोनच्या चित्रात ते आकाशाच्या काळेपणात बुडालेलं. टिकलीच्या किती तरी बाहेर. निळं म्हणजे तरुण तारे. तिथे आजही तारे जन्मत असतील.

आता काय? दोघांचं मत, काढून टाकू, कोणाला कळणार नाही. माझा पहिला विचारही तोच होता. मग लक्षात आलं की एकीचं खोल चित्र पाहिलं म्हणून ती पकडली गेली. बाकीच्यांची पाहिलीच नव्हती. तीन दिवसांत सगळी पाहिली. आणखी दोन अशाच निघाल्या. तिन्ही मुख्य तक्त्यातून काढून 'शंकास्पद' अशा वेगळ्या पानावर नेल्या, कारणासकट. मुखपृष्ठ मात्र तेच ठेवलं, निळं कडं दिसेल असं, आणि मधोमध मरून वर्तुळ.

शेवटच्या तक्त्यात वीसच्या आतबाहेर दीर्घिका उरल्या. हजारांवरून वीस.

मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा पारा, आत कूलरचा आवाज. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मुखपृष्ठ पाहिलं, दोन पानं उलटली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "थांबलं कशावरून?"

मंगळवेढ्याची म्हणाली, "सर, थांबलं असं आम्ही म्हणत नाही. या वर्तुळाच्या आत, गेल्या साधारण एक कोटी वर्षांत, धुळीबाहेर तारे जन्मल्याची खूण नाही. धुळीआड जन्मत असतील तर वर्षाला इतक्या सूर्यांपेक्षा जास्त नाहीत, तो आकडा तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात आहे."

एक कोटी का, हे त्यांनी विचारलं. अशोक चौकातल्याने सांगितलं की एच-अल्फा उजळवणारे तारे तेवढेच जगतात, त्याच्या मागचं ती रेषा सांगत नाही. बीमबद्दल त्यांनी दहा मिनिटं विचारलं. ते स्वतः इचलकरंजीचे निघाले.

गुण चांगले पडले, पण वर्गात पहिले नव्हेत. पहिला क्रमांक थिन फिल्मलाच गेला.

पुन्हा करायचं झालं तर

चित्रं पहिल्या दिवशी उघडायची. क्वेरीने यादी दिली की पन्नास दीर्घिका डोळ्यांनी पाहायच्या, मग आकड्यांना हात लावायचा. चिन्हाची चूक दहा मिनिटांत सापडली असती.

ताम्रसृतीची खालची मर्यादा निबंधातून उचलण्याऐवजी टिकलीवरून ठरवायला हवी होती: वर्तुळात दीर्घिकेचा किमान किती भाग आलाच पाहिजे ते आधी ठरवायचं, मर्यादा त्यातून आपोआप येते. ०.०२ हा आकडा ऑक्सिजनच्या रेषेसाठी योग्य होता, वर्तुळासाठी नव्हता. मी दोन्ही प्रश्न एकाच आकड्याने सुटले असं धरून चालले. याहून चांगलं म्हणजे स्लोनच्याच मँगा प्रकल्पाची मोजमापं घ्यायची. तिथे दीर्घिकेवर एकच तंतू नसतो, तंतूंचा जुडगा असतो, मोठ्यात मोठ्यात १२७ तंतू. कडं वेगळं, केंद्र वेगळं पाहता येतं, आणि काही दीर्घिकांत भडका केंद्रात विझलेला तर काहींत कड्यात विझलेला, असं त्यातून दिसलंही आहे. त्या वर्षी आमच्या लॅबच्या इंटरनेटवर त्या मोजमापांच्या प्रचंड फाइली उतरवायला रात्र रात्र लागली असती म्हणून मी तो विषयच काढला नाही. मुलांना निदान सांगायला हवं होतं.

वयाबद्दल मी चुकले ते 'बघू' म्हणण्यात. नोव्हेंबरातच त्याला म्हणायला हवं होतं की आधी एकाच दीर्घिकेचं वय काढ, तिला चुकीचा पट्टा घाल आणि तो मला दाखव. महिना वाचला असता आणि तेवढ्यात गॅलेक्सची मोजमापं जोडता आली असती. आलेख कदाचित आजही त्या प्रकल्पात असता.

एका बाबतीत माझं अजून ठरत नाही. त्या तीन शंकास्पद दीर्घिका खरंच बाहेर काढायच्या होत्या का? केंद्रात भडका विझलाय आणि बाहेर कडं अजून निळं आहे, ही कदाचित चूक नसून त्या दीर्घिकेच्या आयुष्यातली पुढची पायरीच असेल. बाहेरून नवा वायू येऊन पुन्हा हळूहळू सुरू होत असेल. अशोक चौकातला सध्या पुण्यात पुढचं शिकतोय. गेल्या दिवाळीत आला तेव्हा त्याने मुखपृष्ठावरच्या त्या दीर्घिकेचं नाव विचारून वहीत लिहून घेतलं.